मागं बसणारीची सीट

दगडाबाई: हात लावू नगंस गाडीला! आधी माज्याशी बोल. ही सीट तूच केलीस न्हवं?

गुंडा: मीच केली, आक्का. अख्ख्या मिरजंत अशी शिलाई कोण करत न्हाई. पर तुमी कोण?

दगडाबाई: ह्या अमृतची आय. मागं बसणारी.

अमृत: आये, हळू बोल की, रस्त्यावरची माणसं बघाय लागल्यात. गुंडाभाऊ, मनावर घेऊ नका. आमी जतकडनं आलोय. दोन वाजता दवाखान्यात हिचा मशिनीवर नंबर हाय, डायलिसिसचा. 

दगडाबाई: मी मशिनीवर जायला आलीच न्हाई. आज आलीय ती ह्या बाबाला जाब इचारायला. ह्येच्यापुढं मिरज बंद.

अमृत: ऐकलंसा? सोमवारचा नंबर असाच बुडवला हिनं. पाय बघा कसं सुजल्यात. आडवं झालं की धाप लागती. डॉक्टर मलाच फाडून खातोय, आन् ही म्हणती, सीट टोचती!

गुंडा: आक्का, रागावू नका, पर किडनीचा आजार कुठं आन् माजी सीट कुठं?

दगडाबाई: आठवड्यातनं दोनदा, जाताना अडीच तास आन् येताना अडीच तास, त्या सीटवर कोण बसतंय? तू बसतोस? 

गुंडा: मग येस्टीनं या की.

दगडाबाई: बघ, लगीच येस्टी काढली! आमच्या वस्तीवर येस्टी येती का? फाट्यापत्तूर चालत जायचं, आन् मशिनीवरनं उठल्यावर पायात जीव नसतोय. म्हणून गाडीवर येती. हौस न्हाई मला.

अमृत: आवं, तिच्यासाठीच तर सीट बदलली मी. जुनी गादी पार बसलेली. मोबाईलवर व्हिडिओ बघितला, त्यो लडाखला जाणारा गडी हाय न्हवं, त्याची सीट जशीच्या तशी ह्यांना दाखवली. पुढं खोलगट, मागं उचललेली. दिवसभर बसलं तरी कंबर धरत न्हाई म्हणतोय त्यो.

दगडाबाई: त्यो एकलाच जातोय न्हवं? का त्याच्या मागं त्याची आय बसलीया?

अमृत: मागं त्याची बॅग असती.

दगडाबाई: मग व्हय! बॅगंला टोचलं तर ती काय बोलणार हाय?

गुंडा: आक्का, मी बिनमापाचं काम करत न्हाई. तुमच्या पोराला पुढं बसवलं, मागं मी सोता बसलो. फोम दाबून बघितला. लोण्यागत मऊ व्हता.

दगडाबाई: कसा बसलास?

गुंडा: कसा म्हंजे? बसत्यात तसा.

दगडाबाई: दोनीकडं दोन पाय टाकून?

गुंडा: मग कसं बसणार?

दगडाबाई: आरं, मी नऊवारी नेसती! तुज्या बायकोला, तुज्या आईला कवा मागं बसवलंस का न्हाई रं? आमी एका बाजूला पाय सोडून बसतो. मधी उंच करून ठेवलंयस, दोनी कडंला उतार. लोण्यागत मऊ, म्हंजे बुड रुततंय आन् मांड्या बाहेर सरकत्यात. वर ती कडंची जाड दोरी शिवलीयास, ती मांडीखाली करवतीगत कापती. 

गुंडा: ती शोभंची पायपिंग हाय, आक्का.

दगडाबाई: शोभा तुज्या घरात लाव! 

अमृत: आये, झालं की आता. सरकत असलीस तर मागची कडी धरायची. त्यासाठीच बसवलीया ती. दोन हात दिल्यात देवानं.

दगडाबाई: दोन? ह्यो डावा हात कुणाचा हाय, सांग की जरा.

अमृत: तुजाच की.

दगडाबाई: माजा न्हाई, मशिनीचा. मशिनीची सुई ह्याच हातात घालत्यात. ऑपरेशन करून शीर जोडलीया. ह्या हातानं वज्जं उचलू नगा, ताण देऊ नगा, हे डॉक्टरनं कुणाला सांगितलं? तुज्यासमोरच सांगितलं. आन् एका बाजूला बसल्यावर मागची कडी कुठल्या हाताला येती? डाव्याच. उजवा तुज्या खांद्यावर. 

अमृत: आये... तू डाव्या हातानं कडी धरलीस काय?

दगडाबाई: मग काय करू? गेल्या खेपंला कवठे गावाच्या अलीकडं तू गाडी गतिरोधकावर उडवलीस. मी पार कडंला आली. धरली नसती तर मागनं येणाऱ्या ट्रकखाली गेली असती. दोन दिस हात ठणकत व्हता. सुजला व्हता. 

अमृत: आन् मला सांगितलं न्हाईस? ती शीर बंद पडली असती म्हंजे? परत ऑपरेशन! एवढी मोठी गोष्ट, आन् तू नुसतं 'सीट टोचती, सीट टोचती'?

दगडाबाई: आरं, टोचती म्हटल्यावर कुठं टोचती, का टोचती, इचारलंस का? 'सवय हुईल' म्हणालास. सीट नवी आणलीस तवा गल्लीभर पोरांना बसवून दाखवलीस. मला इचारलं न्हाईस. मी माजं घोंगडं चार घड्या करून जुन्या गादीवर टाकत व्हती, बरी बसत व्हती. तेबी काढून फेकलंस. म्हणं, दवाखान्यात लोक बघत्यात.

अमृत: तसं न्हवं गं...

दगडाबाई: तसंच हाय. धनगराचं घोंगडं लाज आणतंय, आन् आय रस्त्यावर पडली की लाज जात न्हाई? मशिनीला मी भीत न्हाई, सुईला भीत न्हाई. मला भ्या ह्या सीटचं. येताना गाडीवर मरायचं, त्यापरास घरात मरती. निदान माज्या मेंढरांत तरी मरीन.

गुंडा: आक्का, पाणी घ्या थोडं.

दगडाबाई: पाणी मोजूनमापून प्यायचं असतंय मला. तू सीटवर बस.

गुंडा: मी?

दगडाबाई: तूच. एका बाजूला. पाय माज्याकडं. आन् डावा हात कमरंमागं ठेव, त्यानं काय धरायचं न्हाई. अमृत, गाडी चालू कर. त्या चौकापत्तूर ने आन् आण. वाटंतल्या गतिरोधकावर तुज्या रोजच्या सवयीनं घाल.

(गुंडा कारागीर डोक्यावरची टोपी घट्ट करून एका बाजूला बसला. बाजूच्या गॅरेजवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. जाताना तो हसत होता. येताना चालत आला, आणि अमृत मागून रिकामी गाडी हळूहळू घेऊन आला.)

दगडाबाई: का रं, चालत का आलास? लोण्यागत हाय न्हवं?

गुंडा: आक्का, चौकापत्तूरबी टिकलो न्हाई. गतिरोधकावर उडी टाकली म्हणून वाचलो. वीस वर्सं ह्यो धंदा करतोय मी. एका बाईनं कवा सांगितलं न्हाई.

दगडाबाई: एका तरी बाईला इचारलंस?

गुंडा: न्हाई. गिऱ्हाईक म्हंजे गाडीवाला, एवढंच डोस्क्यात. चुकलं माजं. आता तुमी सांगा, कशी करू?

दगडाबाई: मागची बाजू सपाट कर. मऊ नगं, घट्ट कर. आमी मेंढरामागं मुलूख तुडवला, पर बसलो ते सपाट भुईवर, खाली घोंगडं टाकून. गादीवर बसून कुणाची कंबर ऱ्हायली न्हाई. ती दोरी काढ आन् डावी कडा गोल वळव. पाय ठेवायला रुंद फळी लाव, दोनी पावलं मावतील अशी.

गुंडा: आन् गाडीच्या उजव्या अंगाला, तुमच्या पाठीमागं, एक आडवा दांडा लावतो, पाठ टेकंल. हातानं कडी धरायची पाळीच येणार न्हाई. अमृत, तुजा तो लडाखवाला खड्डाबी बुजवू का?

अमृत: बुजवा. माजं काय बी करा.

दगडाबाई: पिशवीत घोंगडं हाय. ते वरनं बसीव. रेक्झिनच्या आत न्हाई, वर. लोकांना दिसलं पायजे.

अमृत: तू ते उचलून आणलंस?

दगडाबाई: तुज्या बानं पांघरलेलं हाय ते. उकिरड्यावर कसं सोडीन? 

गुंडा: माप घेऊन बरोबर कापतो मी ह्ये.

दगडाबाई: कात्री लावायची न्हाई! घड्या कर आन् पट्ट्यानं बांध. 

गुंडा: बरं, न्हाई लावत. अमृत, सीट आत्ताच उतरवतो. माजी स्कूटर न्या तवर. तिची सीट सपाट हाय, आन् दवाखाना हितनं जवळच हाय... म्हंजे, जाणार असला तर.

अमृत: आये, पावणेदोन वाजल्यात. मी काय बोलत न्हाई. तू म्हणशील तसं.

दगडाबाई: किती येळ लागंल रं तुला?

गुंडा: घाई केली तरी चार तास लागत्यात, आक्का. तवर कुठं बसणार तुमी?

दगडाबाई: मशिनीवर. तिलाबी चारच तास लागत्यात.