व्याह्यांची हाक आणि गाडीची दारं

गाणी चांगली ऐकू यावीत म्हणून गाडीच्या दारांना कुणी आतून डांबरी पट्ट्या चिकटवतं का? आमच्या पोरानं, संतोषनं, उमरग्यात जाऊन चिकटवून घेतल्या. पत्र्याची थरथर थांबली, गाणं घुमायला लागलं आणि बाहेरचं काही ऐकू येईना.

त्याच आठवड्यात नळदुर्गजवळच्या फाट्यावर माझ्या लेकीच्या सासऱ्यांनी आम्हाला हाक मारली. गाडी तशीच पुढं गेली. व्याह्याला रस्त्यात ओलांडून जाणं आमच्याकडं कुणी विसरत नाही. संध्याकाळी निरोप आला, "सुनंला पंचमीला धाडणार न्हाय."

सकाळी संतोषला घेऊन त्याच गाडीनं त्यांच्या दारात गेलो. "पाव्हणं, हाक ऐकूच आली न्हाय."

"म्या गळा फाडून वरडलो की! गाडी आली की कान जात्यात व्हय?"

मी त्यांनाच गाडीत बसवलं, दारं लावली आणि संतोषला गाणं लावायला सांगितलं. बाहेर उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "चुकलं माझं. लेकीला धाडा." असं मी आजवर कुणाला म्हणालो नव्हतो. आत ऐकू जाणार नाही, या भरवशावरच म्हणालो.

व्याह्यांनी काच खाली घेतली. "खरंच काय ऐकू आलं न्हाय, पाव्हणं. पण तुमी हात जोडलेलं दिसलं. काय म्हणला, ते आता परत सांगा."

संतोषनं गाणं बंद केलं. उंबऱ्यात लेक उभी होती. तिच्याकडं पाहिलं आणि परत म्हणालो.