कोपरा जोडलेलं कार्ड

हसायचंच असेल तर पूर्ण ऐकून हसा. जुने कागद दुरुस्त करायचं परदेशात शिकून मी जबलपूरला परतलो, तो इथला इतिहास वाचवायचाच म्हणून. इथल्याच गोरखपूर भागातल्या कुसुममावशीनं आमच्या अभिलेखागारासाठी जुने फोटो आणि पत्रं माझ्या हाती दिली. त्यातल्या एका पोस्टकार्डाचा कोपरा फाटलेला होता. दोन दिवस खपून मी तिथं तसाच कागद जोडला आणि ऐटीत मावशीला दाखवायला नेलं.

"अरे, मरणाची खबर असली की कोपरा फाडूनच कार्ड टाकत! माझे बाबा गेले तेव्हाचं आहे हे."

माझा चेहराच उतरला. "सॉरी मावशी, आत्ता काढतो."

"काहून काढून राहिला?" तिनं कार्ड ओढूनच घेतलं. "शेवटी बाबांनी माझीच आठवण काढली, असं लिहिलंय यात. पण असं फाटकं कार्ड घरात ठेवत नाहीत. इतकी वर्षं गच्चीवरच्या पेटीत लपवलं, म्हणूनच तुला देऊन राहिली होती."

"मग आता?"

"आता पुरं आहे ना? चलो, बाकीचं सगळं घेऊन जा."

ते कार्ड आता मावशीच्या घरात, तिच्या बाबांच्या फोटोजवळ आहे. अभिलेखागारात एक पत्र कमी पडलं, पण माझी सगळ्यात चांगली दुरुस्ती तीच.