पेरलं हरणांसाठी

...आणि वर मलाच विचारतात, "जवाईबुवा, तुमी रागावले काऊन?" का म्हणजे? तुम्हाला सांगतो, दुसरा कोणी असता ना, तर त्याने सासऱ्यांना त्याच दिवशी बॅगेसकट शिकागोच्या विमानतळावर नेऊन सोडलं असतं! मी काय केलं? चहा केला. दोघांसाठी.

नाही, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल जावईच खडूस. आमचं घर नेपरव्हिलच्या पलीकडे, मागे एकरभर मोकळी जागा, बावीस वर्षं मी तिथे काय केलं? गवत कापलं! दर शनिवारी! आणि आमची आन्या, एकुलती एक, सिअ‍ॅटलला कॉलेजात वन्यप्राण्यांचं शिकते, वर्षातून एकदा दोन दिवस घरी येते, त्यातला दीड दिवस झोपते. तर मार्चमध्ये फोनवर म्हणाली, "बाबा, इफ डियर कम टु अवर बॅकयार्ड, आय कॅन डू माय प्रोजेक्ट देअर. थँक्सगिव्हिंगला. टेन डेज." नोव्हेंबरच्या सुट्टीत दहा दिवस! तुम्हाला लेक आहे का? लांब राहते का? मग जास्त सांगत नाही. मी तिथल्या तिथे ठरवलं, हरणं आणायची.

आता आमच्याकडे हरणांना दाणे टाकायला बंदी, पेरलेलं उभं असेल तर चालतं. म्हणून माती तपासून आणली, चुना टाकला, वाळूत बी कालवून क्लोव्हर आणि चिकोरी पेरली. क्लोव्हर दिसायला मेथीसारखं, आणि चिकोरी म्हणजे तीच हो, कॉफीत जिची मुळी घालतात ती, पानं हरणांना जाम आवडतात. झाडाला कॅमेरा बांधला. समोर काही हललं की फोटो काढतो आणि माझ्या नि आन्याच्या फोनवर पाठवतो. सगळं तयार! पेरलं कोणासाठी? हरणांसाठी! यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा ना!

आणि जूनमध्ये सासरे आले.

पुरुषोत्तमराव, वर्ध्याकडचे, घरची बारा एकर तूर-हरभरा आणि साठ वर्षं एकच ध्यास, रोही, म्हणजे नीलगायी, आणि हरणं शेतातून हाकलायची. मला माहीत नव्हतं? होतं! पण डोक्यात नाही आलं ना, यार! पहिल्याच सकाळी प्लॉटवर गेले, वाकले, पान चुरगाळून वास घेतला. "पीक झकास हाय, जवाईबुवा." मी फुललो. "पन राखन कोन करते?"

राखण! म्हटलं, बाबा, राखण नाही करायची, हे हरणांनी खायचंय. ते हसले हो! त्यांना वाटलं, मी विनोद केला!

मग ऐका. प्लॉटमध्ये मी टोपल्याएवढी गोल जाळी उभी केली होती. आतलं शाबूत राहतं, बाहेरचं हरणं खातात, किती खाल्लं ते शेजारी शेजारी कळतं. इकडे सगळे करतात. सासऱ्यांनी ती पाहिली. "कल्पना एक नंबर हाय! पन एवढुशी काऊन?" संध्याकाळी ऑफिसातून येतो तर अख्ख्या प्लॉटला जाळी! आणि आणून कोणी दिली? यामिनीने, माझ्या बायकोने! म्हटलं, अगं, पेरलं कोणासाठी? तर म्हणते, "तेवढाच बाबांना विरंगुळा. तू केवढ्याने ओरडतोस!" मी ओरडतो? मी?

जाळी काढली, तर बुजगावणं! अंगात कोट कुठला? कंपनीने पंधरा वर्षांच्या नोकरीबद्दल मला दिलेला! कोट सोडवला, तर न्हाव्याकडून पिशवीभर केस आणून बांधावर पसरले, माणसाच्या वासाने जनावर येत नाही म्हणे. इंग्लिशचा गंध नाही आणि अमेरिकन न्हाव्याकडून पिशवीभर केस! त्याच न्हाव्याने बावीस वर्षांत मला साधं "हॅपी दिवाळी" म्हटलेलं नाही!

आणि तो कॅमेरा... मी मीटिंगमध्ये, फोन टिंग करतो, आलं हरीण! बघतो तर डोक्याला दुपट्टा बांधलेले सासरे. टिंग! दुपट्टा आणि काठी. टिंग! दुपट्टा, थाळी, पळी, आ वासलेला, "हाऽऽड!" ऑगस्टभर हेच. हरीण एक नाही! तिकडून आन्याचा मेसेज, "आजोबा लुक्स फिट." आणि शनिवारी मी काय करत होतो? त्यांच्याच शेजारी उकिडवा बसून तण उपटत होतो, "मुळासकट, जवाईबुवा, मुळासकट!" ऐकत.

शेवटी भांडलो. म्हटलं, बाबा, हरणं आली नाहीत तर माझी पोरगी येणार नाही! मग हळूच म्हणाले, "समजते मले. पन तोंड लावताना दिसलं का हात आपोआप उठते. उभं पीक हाय, राजा." म्हणून तो चहा.

ऑक्टोबरअखेर ते फ्रिस्कोला, माझ्या मेव्हण्याकडे गेले. आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी, किचनच्या खिडकीतून बघतो तर... तीन! तीन हरणं! कपाळावर हात मारून घ्यावा की नाचावं? श्वास रोखून उभा राहिलो. एका हरणीने मान खाली घातली. ज्या ओळीतलं तण मी गुडघे मोडून दोनदा उपटलं, त्याच ओळीत! पान तिने कचकन तोडलं...

पुढचं मला नीट आठवत नाही. फोन टिंग झाला तेव्हा मी प्लॉटच्या मधोमध होतो. फोटोत हरीण नाही. मी आहे. एका पायात चप्पल, हातात थाळी, आ वासलेला.

लगेच आन्याचा फोन. म्हटलं, संपलं, आता कसली येते! आणि ती हसतेय हो, बोलताच येईना. "बाबा, आय ॲम कमिंग. ऑल टेन डेज. टॉपिक चेंज केला." म्हटलं, हरणं नाहीत? "नो. यू! हरणं हाकलणारी माणसं! बट सॅम्पल साइज इज टू स्मॉल, एकच माणूस. आजोबांना परत बोलाव."

केला फोन. मीच केला! पलीकडून एका क्षणात, "येतो न! तोवर थाळी हाताशी ठेवा, जवाईबुवा."

खिडकीतच ठेवलीय.