अर्थिंगच्या खड्ड्यातलं मीठ

आमचा जुना रेडिओ आधी घूंऽऽ करायचा, मग गायचा. परवा मुलाच्या महागड्या स्पीकरमधून तसंच घूंऽऽ आलं. आवाज साफ यावा म्हणून त्याने वायरमनकडून अंगणात मीठ-कोळसा भरून वेगळं अर्थिंग करून घेतलं होतं. संध्याकाळी मित्र ऐकायला येणार होते.

"काय काम केलं बे तू?" तो वायरमनवर ओरडला. मी चहा पीत राहिलो.

वायरमनने खड्डा उकरला. "दादा, यातलं मीठ कोणं काढलं?"

माझी मान वर होईना. "म्या काढलं, बाप्पा. मिठानं बाजूचा गोडलिंब वाळून राह्यला होता. तुया मायनं लावलेला."

मुलाने त्या कढीपत्त्याच्या झाडाकडे पाहिलं आणि वायरमनला खड्डा बुजवायला सांगून तो आत निघून गेला.