द्वारकाबाई घरोघर जात होत्या

अध्यक्षमहाराज, शिक्षक बंधुभगिनींनो, आणि भवानी पेठेतून आज माग बंद ठेवून आलेल्या बायांनो,

शाळेच्या या ओसरीत एवढी माणसे मी प्रथमच पाहते आहे. मी पाच-सहा ओळी कागदावर लिहून आणल्या होत्या. 'कर्तव्यदक्ष', 'मनमिळाऊ', असे शब्द आहेत त्यांत. तुमच्याकडे पाहिले आणि तो कागद घडी करून ठेवला. बदलीच्या शिफारशीत लिहितात तसे ते झाले होते. द्वारकाबाई पानगावकर यांना जाऊन आज चौदा दिवस झाले. अकरा वर्षे आम्ही दोघी याच शाळेत होतो. मी मुख्य शिक्षिका, त्या तिसरीच्या बाई. अकरा वर्षे, आणि मला त्यांच्याविषयी जे माहीत आहे, त्यातले निम्मे मी या चौदा दिवसांत ऐकले.

नरसम्माबाई, तुम्ही मागे दाराशी का बसलात? पुढे या. मुलींनो, त्यांना जागा द्या. मी जे सांगणार आहे ते तुम्हाला जास्त ठाऊक आहे. माझे कुठे चुकले तर सांगा.

द्वारकाबाई लहानपणीच विधवा झाल्या. पुण्याला राहून शिकल्या, ट्रेनिंग पुरे केले आणि इकडे नेमणूक घेऊन आल्या. सासरची वाट बंद होती. माहेरी कोणी उरले नव्हते. एकट्या बाईला खोली द्यायला कोण तयार होते? फार हिंडल्यावर एक खोली मिळाली. तिथे त्या राहत. बस्स, एवढेच मला माहीत होते.

चार-पाच वर्षांपूर्वी तिसरीत लक्ष्मी नावाची मुलगी होती. या नरसम्माबाईंची मुलगी. घरात हातमाग. वडील राजय्या विणायला बसत, आई आणि लक्ष्मी सुताच्या कांड्या भरत. लक्ष्मी मधल्या सुट्टीत घरी जायची ती परत यायची नाही. मग सकाळीही येईना. एक महिना गैरहजर राहिली की नाव काढायचे, हा माझा नियम. मी लेखणी उचलली, तर द्वारकाबाई म्हणाल्या, "मोठ्या बाई, आठ दिवस थांबा. मी घरी जाऊन येते."

मी म्हटले, "शिक्षिकेने घरी कशाला जायचे? गरज असेल तर त्या येतील."

त्या म्हणाल्या, "त्या कशा येतील? शाळेच्या पायरीला त्या भितात."

आणि त्या गेल्या. नरसम्माबाईंनी त्यांना दारात पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "पोरीनं काय केलं?" बाई घरी आली म्हणजे तक्रारच असणार! द्वारकाबाईंना तेलुगू येत नव्हते, नरसम्माबाईंना मराठी येई, पण अडत अडत. मधे लक्ष्मी उभी, इकडचे तिकडे सांगत. "कूर्चोंडी," म्हणजे 'बसा', हा द्वारकाबाई शिकल्या तो पहिला शब्द. तो त्यांना लक्ष्मीने शिकवला. पुढे लक्ष्मी शाळेत येऊ लागल्यावर रोज एक-दोन शब्द. विद्यार्थिनी बाईंना शिकवते आहे, असे मी ओसरीत पाहिले आणि मला ते आवडले नाही. हो, आवडले नाही. आज कबूल करते.

त्याआधी, त्या पहिल्या भेटीनंतर लगेच, मी सूचनावहीत लिहिले, 'शिक्षिकांनी विद्यार्थिनींच्या घरी जाऊ नये, त्याने शाळेचा मान राहत नाही.' द्वारकाबाईंनी वाचले आणि सही केली. दुसऱ्या दिवशी पाच वाजता पुन्हा भवानी पेठेकडे निघाल्या. मी अडवले. म्हटले, "सूचना वाचलीत ना?"

"वाचली की. सहीपण केली." मग म्हणाल्या, "पण लक्ष्मी आजही आली नाही हो."

मी वाटेतून बाजूला झाले.

तिकडे काय ठरले, ते मला फार उशिरा कळले. माग थांबला तर घर थांबते, हे द्वारकाबाईंनी मान्य केले. पोरगी कांड्या भरील, पण शाळा सुटल्यावर. आणि कांड्या भरताना आईने तिला रोज एकच गोष्ट विचारायची, आज काय शिकलीस?

नरसम्माबाई म्हणाल्या, "बाई, मला अक्षर येत न्हाय. ती बरोबर बोलली का चूक, मला काय कळनार?"

द्वारकाबाई म्हणाल्या, "नाही कळलं तरी चालेल. तुम्ही नुसतं विचारा आणि ऐका."

आठ दिवसांनी नरसम्माबाई शाळेच्या फाटकाशी उभ्या. आत यायला तयार नाहीत. द्वारकाबाई बाहेर गेल्या. मी खिडकीतून ऐकत होते. नरसम्माबाई म्हणाल्या, "बाई, काल सातच्या पाढ्याला तिचा हात थांबला."

"हात?"

"व्हय की. येत असलं की बोलत बोलत कांडी भरती. अडली की हात थांबतो. काल सात सक्काला थांबला."

द्वारकाबाई तशाच आत आल्या, लक्ष्मीला जवळ बसवले आणि साताचा पाढा पुन्हा घेतला. मी वीस वर्षे शिकवते आहे. शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांनी माझ्या शिकवण्याला चांगला शेरा दिला आहे. पण मूल कुठे अडते हे त्याच्या हाताकडे पाहून ओळखावे, हे मला कोणी शिकवले नव्हते. अक्षर न येणाऱ्या आईला ते कळले, आणि तिच्याकडून ऐकून घ्यायचे द्वारकाबाईंना कळले.

मग त्यांच्या मनात आले की साऱ्याच आयांना शाळेत बोलवावे. एका दुपारी त्या माझ्यापाशी आल्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बायका हळदीकुंकवाला येतात. नुसतं शाळेत या म्हटलं तर यायच्या नाहीत. मला काही ते करता येत नाही. तुम्ही कराल? तुम्ही नुसतं कुंकू लावा, बाकीचं मी सगळं बघते."

हे मागताना त्यांना काय वाटले असेल? मी विचारसुद्धा केला नाही. म्हटले, "शाळेत असले प्रकार नकोत."

त्या बरे म्हणाल्या. 'मुलींच्या पुस्त्या बघायला या' असा निरोप घरोघर स्वतः देऊन आल्या. याच ओसरीत त्यांनी चाळीस जणींसाठी जाजमे घातली. भिंतीला टेकवून पुस्त्या मांडल्या. तीन वाजले. साडेतीन वाजले. एकट्या नरसम्माबाई आल्या. एवढ्या मोकळ्या जाजमावर त्या दोघीच बसल्या आणि द्वारकाबाईंनी चाळीसच्या चाळीस पुस्त्या त्यांना एकेक करून दाखवल्या. मी दारातून पाहिले. पाहिले आणि आपल्या खोलीत परत गेले. त्या दोघींशेजारी मी जाऊन बसले असते तर काय बिघडले असते?

पुढच्या खेपेला सात जणी आल्या. मग पंधरा. आज इथे बसलेल्या पुष्कळ जणी तेव्हापासूनच्या. लक्ष्मी चौथी पास झाली, आता ती सातवीच्या फायनलला बसते आहे. ही पलीकडे उभी आहे ती.

बंधुभगिनींनो, मुलगी तीन दिवस आली नाही की द्वारकाबाई चौथ्या दिवशी तिच्या घरी जात. पावसात जात, उन्हात जात. आणि त्यांच्या खोलीवर कोण जात होते? मी नव्या पेठेत राहते. त्यांची खोली माझ्यापासून चालत दहा मिनिटे. माझ्या घरी चैत्रात, संक्रांतीत बायका जमत. त्यांना मी बोलावले नाही. विधवेला बोलावण्याची रीत नाही, एवढेच कारण. सुट्टीच्या दिवशी त्या काय करतात, कोणाशी बोलतात, हे मी कधी विचारले नाही.

गेल्या महिन्यात त्या तीन दिवस आल्या नाहीत. मी काय केले? शिपाई गुंडाप्पाला चिठ्ठी देऊन पाठवले, की रजेचा अर्ज का आला नाही. तो चिठ्ठी परत घेऊन आला. म्हणाला, "बाई, कुनाला देऊ? त्या डोळं उघडनात. लई ताप हाय. पद्मसाळ्यांची एक बाई बसलीया तितं."

त्या या नरसम्माबाई, तिथे पहिल्या दिवसापासून होत्या. त्यांनी कांड्या भरताना लेकीला नेहमीसारखे विचारले होते, आज काय शिकलीस? लक्ष्मी म्हणाली, तिसरीच्या बाई आज आल्याच नाहीत. ऐकल्याबरोबर त्या हातातले काम टाकून उठल्या.

मी रविवारी गेले. खोलीत एक चटई, एक ट्रंक, एक चूल. कोनाड्यात लक्ष्मीने लिहून दिलेल्या तेलुगू शब्दांचे कागद. विषमज्वर होता. नरसम्माबाई कपाळावर पाण्याची घडी ठेवत होत्या. थोड्या वेळाने द्वारकाबाईंनी डोळे उघडले. मला पाहून गडबडल्या. म्हणाल्या, "मोठ्या बाई, माझं काही चुकलं का?"

मी म्हटले, "नाही हो. सहज आले."

"सहज?" त्या हसल्या. "सहज आलात?" आणि नरसम्माबाईंच्या हाताला धरून उठायला लागल्या. "बसा हं. चहा टाकते. दूध आहे का बघते."

आम्ही दोघींनी त्यांना निजवले. मी बसून राहिले. अकरा वर्षांत आम्ही शाळेखेरीज काही बोललोच नव्हतो. शेवटी मी सांगितले, हजेरी बरी आहे. त्यांनी मान हलवली.

मंगळवारी दुपारी त्या गेल्या. दिरांना तार केली. कोणी आले नाही. खांदा राजय्याने आणि त्याच्या शेजाऱ्यांनी दिला. त्यावरून आमच्या लोकांत जी कुजबुज चालली आहे, ती माझ्या कानी आली आहे. कुजबुजणाऱ्यांपैकी त्या दुपारी तिथे कोणी नव्हते, एवढेच मी म्हणते.

आता सर्वांनी उभे राहावे. मुलींनो, तुम्हीपण. घटकाभर कोणी काही बोलू नये.

द्वारकाबाई, नमस्कार करते. फार उशिराचा आहे. तरी घ्यावा.