इंजिनाशी अबोला नाही

हॅलो? … हॅलो, कोण? … अगंबाई, भावोजी! अहो, कुठवर आलात? नऊला निघणार होतात, आता साडेअकरा होत आले… काय? … परत? परत बंद पडली?

हो, हो… थांबा, एकेक सांगा. चालू होते. बरं. दहा मिनिटं नीट चालते. बरं. मग खोकते… कोण, गाडी की अण्णा? … गाडी. मग आचके देते आणि बंद. … आणि पंधरा मिनिटं उभी ठेवली की आपली आपण चालू? … कितव्यांदा हे? … पाचव्यांदा! भावोजी, असं चाललं तर तुम्ही पुढच्या महिन्यात पोचाल.

अण्णा काय करतायत? … मागे? टेम्पोच्या हौद्यात? तुमच्या दुकानातल्या गाद्यांबरोबर? … वर आरामखुर्ची मांडून! भावोजी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या सख्ख्या बापाला तुम्ही मालासारखं… … स्वतःच चढून बसले? पुढे तुमच्या शेजारी नको म्हणाले? … म्हणालेसुद्धा नाहीत. नुसतं बोट केलं. … सकाळपासून एक शब्द नाही?

झालं. म्हणजे आता त्यांचाही अबोला. लोकांच्या घरी वारशानं भांडीकुंडी येतात, तुमच्या घरी अबोला. तोही उलटा, मुलांकडून बापाकडे.

… आहेत ना, तुमचे दादा इथेच आहेत. समोर. तुमचा आवाज ऐकल्यापासून शर्टाचं एकच बटण लावतायत. … छे, मी कसा देऊ फोन? घेणार नाहीत. … हो, गॅरेजात सगळ्या गावाच्या गाड्या दुरुस्त करतात, पण सख्ख्या भावाची… अहो, मला काय सांगता! दोन वर्षांपूर्वी हीच गाडी रस्त्यात बंद पडली तेव्हा मीच उभी होते ना, छत्री धरून. तुम्ही म्हणत होतात कार्ब्युरेटर, हे म्हणत होते कॉइल. दोघांनी अर्धं इंजिन रस्त्यावर मांडलं, एकमेकांची अक्कल काढली, आणि शेवटी निघालं काय? टाकीत पेट्रोलच नव्हतं. … हो, तेव्हापासून दोघांचा अबोला. दोघंही चुकलात, निदान त्यावर तरी एकमत व्हायला हवं होतं!

धरा हं जरा. – अहो, गाडी दहा मिनिटं चालते, बंद पडते, थोडी थांबली की परत चालू होते. काय असेल? … माझ्याकडे बघून बोला ना. … भावोजी, ते माझ्याशी बोलत नाहीयेत, भिंतीशी बोलतायत. भिंतीला विचारतायत की प्लगला ठिणगी येते का. … काढून बघितलात? … येते. निळी, चांगली. – ठिणगी येते हो, निळी. … भिंतीला अजून एक विचारायचंय. पेट्रोलचा फिल्टर साफ आहे का? … गेल्याच आठवड्यात नवा घातला? – नवा आहे म्हणे. … मग भिंत म्हणतेय… नाही, हे म्हणतायत… शी, माझाच गोंधळ व्हायला लागला. बंद पडताना आवाज कसा येतो तो ऐकायचाय त्यांना. … तुमचा नव्हे हो! इंजिनाचा.

– अहो, घ्या, लावा फोन कानाला. भाऊ बोलणार नाही, फक्त गाडी बोलेल. इंजिनाशी तर अबोला नाही ना? … भावोजी, तुम्ही अवाक्षर काढायचं नाही हं. श्वाससुद्धा हळू घ्या. फोन बॉनेटपाशी धरा आणि करा चालू. धरलात? हं, देते.

… हॅलो? हो, मीच. ऐकलं त्यांनी. शेवटी तुम्ही शिंकलात, तेव्हा विंचू चावल्यासारखा फोन टाकून दिला. … म्हणतायत, गाडी तहानेनं मरतेय. पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाहीये. थांबली की थोडं थोडं झिरपतं, तेवढ्यावर दहा मिनिटं निघतात. … टाकीत आहे ना पण? या वेळी तरी बघितलंत? … काटा चालत नाही, ते माहितीये. म्हणून तर अण्णा काठी घालून बघतात. … काल भरलंत. बरं. मग आज अण्णांनी काठी घातली नाही? … उतरतच नाहीत. हं.

भावोजी, मला एक सांगा. रोज अण्णा किती वेळा काठी घालतात? … गाडी कुठेही थांबली की? दर वेळी उतरून झाकण उघडतात? … आणि अण्णा बरोबर असले की ही कधी बंद पडत नाही. हो, अण्णांचा धाक आहे गाडीला. मीसुद्धा हेच ऐकत आले इतकी वर्षं. पण आज अण्णा आहेत आणि धाक नाही. … – तुम्ही गप्प बसा हो, कॉइलबिइल काही नाही. मला विचार करू दे.

भावोजी, त्या झाकणाला तुम्ही काय केलंत? … काहीतरी केलंयत तुम्ही. … पिशवी? प्लास्टिकची? … दोन पिशव्या, वर रबर, वर सुतळी! बाळंतविडा बांधल्यासारखं? कशाला पण? … कधी? … सहा महिन्यांपूर्वी. अण्णा तुमच्याकडे आले तेव्हा. चालत्या गाडीत पेट्रोलच्या वासानं त्यांना मळमळतं म्हणून. … आणि काठी घालायची तर अण्णाच ते सोडतात, परत बांधतात?

… नाही, रागावले नाहीये. चांगलंच केलंत. म्हणजे, केलंत वाईट, पण चांगलंच केलंत.

अहो ऐका ना. आपण तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतो? एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. एकच पाडलं तर? चार थेंब येतात आणि डबा गुडगुडत बसतो. तुमच्या टाकीचंही तेच झालंय. अण्णा रोज दहा वेळा उघडायचे, तेवढी हवा जायची. आज कोणी उघडलंच नाही. – अहो, झाकणाला बारीक भोक असतं ना हवेसाठी? … बघा! भिंतीला विसरले, माझ्याकडे बघून हो म्हणाले.

सोडा ती सुतळी. कापा, कापा, गाठ काय सोडवत बसलात. … पिशव्या काढा. आता उघडा झाकण. … आला? फुस्स? … केवढा? … अण्णा खुर्चीतल्या खुर्चीत दचकले? असू दे. आता झाकण नुसतं लावा आणि करा चालू. … हो, ऐकू येतंय… एका दमात! … नाही, बंद नका करू, चालू राहू दे, दहा मिनिटं बघू. … काय? … काय? अहो, इंजिनापुढे काही कळत नाही. तुम्ही जरा लांब जा, त्या कुंपणापाशी वगैरे. गाडी राहू दे तिथे.

हं, आता बोला. अण्णांचं बिनसलं कशावरून? … कोपऱ्यावरून. वाटलंच मला. दर सहा महिन्यांनी तुम्ही आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी लावता, दोनदा हॉर्न वाजवता आणि भलतीकडे बघत बसता. मग हे येतात, अण्णांची बॅग उचलतात, तेही भलतीकडे बघत. मधे अण्णा. पार्सलवाला तरी सही मागतो, भावोजी! … काल म्हणाले? काय म्हणाले? … 'या वेळी कोपऱ्यावर थांबवलीस तर मी उतरणार नाही. दोघं नीट बोला, मग मला कुठे ठेवायचं ते ठरवा.' … आणि तुम्ही काय म्हणालात? … 'दादा आधी बोलला तर मी बोलेन.' धन्य आहे. मग ते गप्प नाही बसणार तर काय करणार?

– ऐकलंत का? … नका ऐकू. लावा बटण.

मला विचाराल तर भावोजी, म्हाताऱ्या माणसाला… काय? … उतरले? चला, बरं झालं, पाय मोकळे… पुढे? पुढे कुठे? … ड्रायव्हरच्या बाजूनं? … भावोजी, धावा! … अहो धावा म्हणतेय, फोन काय कानाला लावून… गेली? अख्खी गाडी? … कुठे पण? इकडे, की परत तुमच्याकडे? … दोन्हीकडे नाही? … उजवीकडे वळली. म्हणजे ताईंकडे.

काही बोलले का जाताना? … थांबले तुमच्यापाशी? काच खाली केली. आणि? … परत सांगा, सावकाश. … 'मी लेकीकडे राहीन. न्यायला याल तर दोघं बरोबर या. एकटा आला, तर आल्या पावली परत.'

… आणि गाडी? खोकली का? … नाही ना? चला, तेवढं तरी झालं.

– अहो, अण्णा गेले… तसे नव्हे हो! बसा, बसा. गाडी घेऊन गेले, ताईंकडे. … हो, स्वतः चालवत. आणि म्हणाले, दोघं बरोबर आलात तरच येईन, एकट्याला दारात उभं करणार नाही. … मी कशाला माझ्या मनाचं सांगू? … भावोजी, थांबा. … बटण लागलं एकदाचं. … उठले. स्कूटरची किल्ली घेतली. … हेल्मेट घेतलं. … थांबा हं.

… भावोजी, दुसरं हेल्मेटपण घेतलं.

… हॅलो? भावोजी, आहात ना? … डोळ्यात धूळ गेली? बरं, धूळ.

तिथेच उभे राहा, हलू नका. वीस मिनिटांत येतील. … चिडलेत का? … मला नाही माहीत. … आधी कोणी बोलायचं ते मला काय विचारता? दोन वर्षं तुमच्या दोघांमधे मी नुसती निरोप्या झाले होते. ह्यांनी काय म्हटलं ते तुम्हाला, तुम्ही काय म्हटलं ते भिंतीला. … नाही, आता एक निरोप पोचवणार नाही. … अहो, येतायत ना ते, त्यांनाच विचारा. … हो, तोंडावर. … मी फोन ठेवतेय.