नीळकंठ सगदेव यांच्या मानेवर ठेवलेल्या दोन बोटांबाबत

मी, सौ. रत्नप्रभा नीळकंठ सगदेव, वय ५३, धंदा घरकाम, राहणार सरकारी कारखान्याची टाउनशिप, भोपाळ, मूळ गाव वर्धा, आज दिनांक १५ सप्टेंबर १९८६ रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, माझे हिंदी भाजीबाजारापुरते आहे. कोर्टापुढे जायचे शब्द मला मराठीतच सुचतात. येथील हवालदार दत्तात्रय बोंद्रे हे अमरावतीकडचे असल्याने त्यांनी जबाब मराठीत घेतला आहे. त्याचे हिंदी तेच करणार आहेत.

माझे यजमान कारखान्यात क्रेन चालवतात. छताखालच्या केबिनमध्ये बसून, मान वळवून खाली बघत, ते मोठमोठी लोखंडी धुडे माणसांच्या डोक्यावरून इकडून तिकडे नेतात. खाली त्या धुडांना साखळ्या बांधायचे काम माझे धाकटे दीर गजानन करतात. या प्रकरणात फिर्याद त्यांचीच आहे. ते समोरच्या बाकावर बसले आहेत आणि माझ्याकडे बघत नाहीत.

ज्याच्याविरुद्ध फिर्याद आहे तो अच्युत पांढरीपांडे आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये आईसोबत राहतो. कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. काल संध्याकाळपासून तो इथे आहे. अठ्ठेचाळीस तास कोठडीत गेले की नोकरीतून निलंबन, हा नियम टाउनशिपमध्ये सगळ्यांना तोंडपाठ असतो. म्हणून मी दवाखान्यातून घरी न जाता थेट इकडे आले.

गणपतीत आमच्या मराठी मंडळाचे नाटक असते. यंदाचे अच्युतने लिहिले होते. त्यात एक गुप्तहेर खलनायकाच्या मानेतली शीर दोन बोटांनी दाबतो आणि तो जागच्या जागी बेशुद्ध पडतो. गुप्तहेर अच्युत, खलनायक माझे यजमान. यजमान मंडळाचे अध्यक्षही आहेत. त्यांनी नाटकातली दोन गाणी कापली, म्हणून अच्युत काही दिवस त्यांच्याशी तालमीपुरतेच बोलत होता, हे खरे आहे. भावजींनी फिर्यादीत वैर म्हणून लिहून दिले आहे ते एवढेच. आमच्या मंडळात यापेक्षा कमी भांडण झाले तर नाटक बसते आहे की नाही अशी लोकांना शंका येते.

तालमीत यजमानांना काही केल्या पडता येत नव्हते. आधी मागे वळून गादी बघायचे, मग हात टेकायचे, मग बसायचे आणि त्यानंतर बेशुद्ध व्हायचे. "काका, तुम्ही बेशुद्ध पडताय, पंगतीला बसत नाही आहात," असे अच्युत म्हणाल्याचे मी स्वतः ऐकले आहे.

प्रयोगाच्या दिवशी यजमानांनी हट्टाने आमच्या लग्नातला बंद गळ्याचा कोट घातला. गळ्याचा हूक लागेना. मी त्यांना श्वास धरायला सांगून तो लावला.

मी पहिल्या रांगेत होते. अच्युतने दोन बोटे यजमानांच्या मानेवर ठेवली. देवाला फूल वाहावे तशी ठेवली, दाबल्याचे मला दिसले नाही. स्टेजवर तोंड प्रेक्षकांकडे असावे म्हणून यजमानांनी मान वळवली, आणि ते पडले. गादी बघितली नाही, हात टेकला नाही. एवढा धिप्पाड माणूस दोरीवरचे धोतर गळून पडावे तसा खाली आला. माझ्या अंगावर काटा आला आणि तो भीतीचा नव्हता. असेही काही जगात असते आणि ते आपल्या अच्युतच्या बोटांत आहे, असे मला वाटले.

हॉलमध्ये टाळ्या झाल्या आणि मागून 'वन्समोर'चा गजर सुरू झाला. मीही टाळ्या वाजवल्या. वन्समोर मिळाला की उठून तोच प्रसंग पुन्हा करायचा, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. यजमान उठले नाहीत. "काका, उठा, वन्समोर आहे," असे अच्युत वाकून सांगत होता. मग त्याला त्यांच्या डोक्याखाली रक्त दिसले. पडताना डोके स्टेजच्या कडेवर आपटले होते. थोड्याच वेळात यजमानांनी डोळे उघडले आणि "बरा पडलो का?" असे विचारले. दवाखान्यात टाके पडले आणि त्यांना ठेवून घेतले.

त्यानंतर टाउनशिपमध्ये अच्युत दिसला की बायका पदर मानेभोवती घेऊ लागल्या. गेटवरच्या जवानांनी त्याला ती नस शिकवायची गळ घातली. तो स्वतःच घाबरून गेला. काल त्याने इथे "माझ्याच बोटांनी झालं" असे सांगितले. तेव्हापासून तो दोन्ही हात मांडीखाली घालून बसला आहे. तो लेखक आहे, त्याला आपलेच लिहिलेले खरे वाटते.

मी आल्यावर टी. आय. साहेबांनी, म्हणजे इथल्या ठाणेदारांनी, त्याला, "हम पर करके दिखाओ," असे फर्मावले. अच्युत नाही म्हणत होता. साहेबांनी दरडावल्यावर त्याने त्यांच्या मानेवर बोटे ठेवली. काही झाले नाही. "और ज़ोर से," साहेब म्हणाले. तरी काही झाले नाही. मग हवालदार बोंद्रे यांच्या मानेवर करून पाहिले, त्यांना नुसत्याच गुदगुल्या झाल्या. साहेबांचा चेहरा जरा उतरलेला मला दिसला. तेव्हा मी आज सकाळी दवाखान्यात जे पाहिले ते सांगितले, ते असे.

हृदयाच्या डॉक्टरांनी यजमानांच्या छातीला तारा लावल्या. कागदावर सुई उड्या मारत होती. डॉक्टरांनी मानेच्या त्याच जागेवर बोट ठेवून हलकेच दाबले. सुई सरळ चालू लागली. चढ नाही, उतार नाही, पट्टीने आखावी तशी रेघ. यजमानांचे डोळे वर गेले. डॉक्टरांनी बोट काढले आणि सुईने पुन्हा उडी मारली. तेवढ्यात मी देवाचे नाव घ्यायलाही विसरले. तीस वर्षे माझ्या शेजारी धडधडत असलेले काळीज मी थांबताना पाहिले आणि चालू होताना पाहिले. ज्याने माणूस घडवला त्याने त्याचे बटण असे उघड्यावर, दाढी करतो तिथे का ठेवले, हे मला अजून कळलेले नाही.

डॉक्टर म्हणाले की, कोणालाही आडवे करणारी शीर नाटकातच असते. मानेतल्या रक्तवाहिनीत एक जागा आहे, तिच्यावर दाब आला की ती हृदयाला हळू चाल म्हणून सांगते. बहुतेकांना त्याचे काही होत नाही, तरी खेळ म्हणून कोणी मानेला हात लावू नये. यजमानांची ती जागा फार हळवी झाली आहे. घट्ट गळा आणि वळलेली मान एवढेही त्यांना पुरते. टी. आय. साहेबांनी हे ऐकून आपली वरची गुंडी सोडली.

मग मला आठवले. उन्हाळ्यात बिट्टन मार्केटहून येताना "पिशवी नीट धर" असे मागे वळून मला सांगता सांगता यजमान स्कूटरसकट पडले होते. एकदा दाढी करताना पडले. आम्ही ऊन म्हटले, पित्त म्हटले आणि लिंबाचे सरबत दिले. थंडीत ते केबिनमध्ये गळ्याला मफलर गच्च गुंडाळून बसतात. तिथे त्यांना काय होते ते बघायला वर दुसरे कोणी नसते. काम काय करतात असे डॉक्टरांनी विचारले. क्रेन म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. आता मुंबईला नेऊन छातीत यंत्र बसवायचे आहे आणि केबिनमध्ये पुन्हा चढायचे नाही. अच्युतने बोटे ठेवली नसती तर हे आम्हाला कधी आणि कोणाच्या डोक्यावर कळले असते, ते मला बोलवत नाही.

एवढे सांगून झाल्यावर गजानन भावजींनी माझ्याकडे पाहिले. "वहिनी, खाली मी असतो," असे ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले. परत आले ते चहाचे दोन ग्लास घेऊन. एक त्यांनी अच्युतसमोर धरला. अच्युतने मांडीखालचा हात काढून तो घेतला.

माझा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'गळा दाबला' असे पडले होते, ते खोडून 'दोन बोटे ठेवली' असे मी करून घेतले. बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम आणि खरे आहे.

सही: सौ. रत्नप्रभा नी. सगदेव